आरेतल्या तबेल्यातला रेडा, ताकदीची पुडी आणि सरकी : एक प्रकरण अभ्यास

ही केस मी स्वतः हाताळलेली आहे. मालकांना विचारून लिहितेय, नावं आणि तबेल्याचा युनिट नंबर दिलेला नाही, बाकी जे झालं ते जसंच्या तसं आहे. रेड्यासाठी, वळूसाठी, बोकडासाठी हल्ली अश्वगंधा, गोखरू, मुसळी असल्या पुड्यांबद्दल मला आठवड्यातून दोन फोन तरी येतात, आणि दरवेळी फोनवर तेवढं सगळं सांगता येत नाही म्हणून हे एकदा नीट लिहून काढलंय.

पार्श्वभूमी

आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली, शहरातले तबेले बाहेर काढून एका जागी आणायचे म्हणून. तेव्हापासूनच्या तबेल्यांपैकी हा एक. मालक, त्यांना मी अण्णा म्हणते, यांची तिसरी पिढी. दावणीला ५८ म्हशी, बहुतेक मुऱ्हा जातीच्या, आणि दोन रेडे. थोरला चार वर्षांचा, हरियाणातून आणलेला, उंचापुरा, स्वभावाने शांत. धाकटा अडीच वर्षांचा, तबेल्यातच जन्मलेला, अजून त्याला कामाला लावलेलं नव्हतं.

मुंबईतल्या तबेल्याचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्यायलेली म्हैस विकत आणायची, धार काढायची, आणि त्याच वेतात ती परत गाभण राहिली तर ठीक. नाही राहिली तर आटल्यावर ती भाकड जागा अडवून बसते, चारा मुंबईच्या भावाने खाते, आणि मग तिचं काय होतं ते या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून रेडा नीट काम करत नसेल तर नुकसान फक्त पैशाचं नसतं, चांगल्या म्हशी हातच्या जातात. अण्णा एकेक म्हैस नावाने ओळखतात, त्यामुळे त्यांना हे जास्त लागतं.

अडचण नेमकी काय होती

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अण्णांचा फोन आला, म्हणाले मॅडम, म्हशी उलटतायत (म्हणजे रेडा लावूनही गाभण न राहता परत माजावर येतायत), एकामागून एक, रेड्याचा जोर गेलाय बहुतेक. मी गेले तेव्हा आधी गडीमाणसाला विचारलं की रेडा म्हशीवर जायला कुरकुरतो का, वेळ लावतो का. तो म्हणाला, "नहीं मैडम, चढता तो फौरन है." मी समोर एक माजावरची म्हैस होती तिला दाखवून बघितलं, मिनिटभरात चढला, काम नीट केलं, उतरला. म्हणजे जोर होता.

इथे पहिली गफलत. लोक इच्छा आणि फळण्याची ताकद यांना एकच समजतात. रेडा उत्साहाने चढतो म्हणजे त्याचं वीर्य चांगलं आहे असं नाही, आणि थोडा आळशी आहे म्हणजे खराब आहे असंही नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी, दोन्ही वेगळ्या तपासायच्या.

मग मी वही मागितली. दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर गडी तारीख आणि म्हशीचा नंबर लिहून ठेवतो, निळ्या पेनने भरवल्याची, म्हणजे रेडा लावल्याची, तारीख, उलटली तर त्यावर लाल पेनाची फुली. तबेल्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसून मी ती पानं चाळत होते आणि पान उलटल्यावर एकदम दिसलं, नोव्हेंबर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बहुतेक निळं, आणि डिसेंबर अर्धा झाल्यापासून लालच लाल. मोजलं तर आधीच्या काळातल्या ९ पैकी ६ गाभण, आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत भरवलेल्या २२ पैकी हात घालून तपासल्यावर फक्त ६ गाभण निघाल्या.

म्हशीचा माज हिवाळ्यात चांगला असतो, उन्हाळ्यात दबतो, हे गवळ्याच्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे जो काळ सगळ्यात चांगला जायला हवा त्याच काळात गाडी घसरली होती. नुसता उकाडा हे कारण असू शकत नव्हतं, कारण घसरण थंडीत सुरू झाली. ही वही नसती तर मी पण एप्रिलचा घाम पुसत उकाड्यालाच दोष दिला असता, हे कबूल करते.

पुडीत काय होतं

मी पोचायच्या १२ दिवस आधीच अण्णांच्या पुतण्याने एक पावडर आणून सुरू केली होती. प्लास्टिकची बरणी, वर बैलाचं चित्र, रोज दोन मुठी आंबोणात, म्हणजे भिजवून कालवलेल्या खुराकात. लेबलवर अश्वगंधा, कवचबीज, गोखरू, सफेद मुसळी, शतावरी, आणि शेवटी "इतर द्रव्ये". कुठलं किती ते कुठेच नाही.

आता या वनस्पतींबद्दल माझं मत स्वच्छ आहे. मी त्यांना हसत नाही. अश्वगंधेवर वंध्यत्व असलेल्या पुरुषांमध्ये अभ्यास झालेत आणि शुक्राणूंची संख्या, हालचाल सुधारल्याचं त्यात दिसलंय. कवचबीज म्हणजे आपली खाजकुहिली, तिच्या बियांत एल-डोपा असतं, ते मेंदूत डोपामिन होतं आणि त्याने प्रोलॅक्टिन हे इच्छा दाबणारं संप्रेरक खाली येतं, म्हणजे काहीतरी घडायला शास्त्रीय वाट आहे. गोखरू हा जास्त करून इच्छेसाठी दिला जातो. शतावरी आपल्याकडे परंपरेने मादीला, दूध उतरायला देतात, रेड्याच्या पुडीत तिचं काम काय हे मला कळलं नाही. आणि सफेद मुसळीचं तर शास्त्रीय नावच आपल्या बोरिवलीवरून आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम, १९५५ साली संतापाव आणि फर्नांडिस यांनी तिची नोंद केली. आरेच्या शेजारच्या डोंगरातली वस्तू परत आरेत बरणीतून येते हे वाचून अण्णांना फार बरं वाटलं होतं. जंगलातली मुसळी मात्र खणून खणून खूप कमी झालीय, त्यामुळे बाजारात मुसळी म्हणून जे मिळतं ते मुसळीच असेल याची खात्री कोणी देऊ नये.

माझी हरकत दोन गोष्टींना होती. एक, गाई-म्हशींच्या नरांवर या गोष्टींचे प्रयोग थोडे आणि त्यातली जनावरं मोजकी, आणि माणसाचा डोस किलोने गुणून रेड्याला देता येत नाही कारण मध्ये त्याचं मोठं पोट आहे, तिथले जंतू अर्ध्या गोष्टी आधीच मोडून टाकतात. दोन, "इतर द्रव्ये". माणसांसाठीच्या अशा ताकदीच्या पुड्यांत चोरून व्हायग्रातलं औषध मिसळलेलं सापडलेलं आहे. आणि वनस्पती म्हटली की फायद्याचीच असं अजिबात नाही, कडुलिंब आणि पपईच्या बिया यांचा प्रयोगातल्या नर प्राण्यांवर बरोबर उलटा परिणाम दिसलाय, म्हणजे जननक्षमता कमी होते. झाडपाल्याचं आहे, नुकसान काय होणार, हे वाक्य मी तबेल्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता मी तिथल्या तिथे थांबवते.

समोर असलेले पर्याय

अण्णांबरोबर चहा घेताना आम्ही सगळं मांडलं. पुडी चालू ठेवून वाट बघायची, हा पुतण्याचा आग्रह. रेडा विकून दुसरा आणायचा, पण चांगला मुऱ्हा रेडा हरियाणातून आणायचा म्हणजे मोठा खर्च, आणि कारण तबेल्यातच असेल तर दुसराही सहा महिन्यांत तसाच होणार. सगळ्या म्हशींना कृत्रिम रेतन करायचं, हे कागदावर सोपं आहे, पण म्हशीचा माज मुका असतो, बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे येतो, आणि आरेत रात्री बिबट्या फिरतो म्हणून रेतन करणारा मुलगा अंधारात यायला तयार नसतो, त्याचं चुकीचंही नाही. आणि चौथा पर्याय, आधी रेडा तपासायचा.

मी चौथ्यावर अडून बसले. अण्णा म्हणाले, तपासून काय होणार, औषध तर हेच ना शेवटी? मी म्हटलं अण्णा, तुमच्या दुधाची फॅट डेअरी न तपासता भाव देते का, मग रेड्याला न तपासता औषध कसं द्यायचं. हे त्यांना पटलं.

दुसरा प्रश्न होता की पुडी आधीच सुरू झालीय, मग आता घेतलेला नमुना "पुडीच्या आधीचा" धरायचा की नाही. हे नीट समजून घ्या कारण सगळी केस यावर उभी आहे. रेड्यात एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ३९ दिवस लागतात, वर आठवडाभर तो नळ्यांमधून पक्व होत पुढे सरकतो. वळूत हेच ६१ दिवस, बोकडात ४७-४८. म्हणजे आज जो नमुना हातात येतो त्याची सुरुवात दीड महिन्यापूर्वी झालेली असते. सोळा-सतरा दिवसांच्या पुडीने त्यात फार काही बदललेलं नसणार. म्हणून मी तो नमुना बऱ्यापैकी आधीचाच धरला. आणि याच हिशोबाने, पंधरा दिवसांत फरक दिसेल असं जो कोणी सांगतो त्याचं ऐकू नका, तेवढ्यात फार तर चढण्याचा उत्साह बदलेल.

नमुना

रेड्याला कृत्रिम योनीची, म्हणजे वीर्य गोळा करायच्या गरम पाण्याच्या नळीची, सवय नव्हती. पहिल्या दिवशी त्याने उडी मारली आणि मला बघून उतरला. दुसऱ्या दिवशी आतलं पाणी थंड झालं. तिसऱ्या दिवशी मी पहाटे साडेपाचला गेले, धारा चालू असताना, चहाच्या मोठ्या किटलीत पाणी तापवून घेतलं, आत ४२ ते ४५ अंश लागतं म्हणून थर्मामीटर घालून बसले, समोर एक शांत म्हैस बांधली, दोनदा नुसतं चढवून उतरवलं आणि तिसऱ्यांदा नमुना मिळाला. नळी शर्टाच्या आत धरून दूध मोजायच्या खोलीत पळत आले कारण गार लागलं की शुक्राणू मरगळतात आणि रिपोर्ट उगाच वाईट येतो. मायक्रोस्कोप बर्फाच्या पेटीवर ठेवला होता.

नमुना ३ मिली, रंग ठीक. चांगल्या नमुन्यात थेंब भिंगाखाली ढवळल्यासारखा दिसतो, काळ्या ढगांच्या लाटा फिरतात. इथे लाटा होत्या पण संथ, कडेला विरत जाणाऱ्या. पुढे सरळ पोहणारे साधारण ४५ टक्के. सरकारी वीर्य केंद्रावर घेतात तो निकष ७० टक्क्यांचा आहे. मग रंगवलेल्या काचा परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात ओळखीच्या सरांना दाखवल्या, मी तिथलीच विद्यार्थिनी. दोष असलेले शुक्राणू ३१ टक्के, २० च्या आत हवेत. आणि दोष कुठला तर डोक्याचा नाही, जास्त करून मधल्या भागाचा, मिडपीसचा, आणि गुंडाळलेल्या शेपट्या. हा मधला भाग म्हणजे शुक्राणूचं इंजिन, सगळे मायटोकॉन्ड्रिया तिथे असतात.

सर काचेवरून नजर न काढता म्हणाले, याला खायला काय घालतात?

ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या रोगासाठी रक्त आधीच पाठवलं होतं, ते निगेटिव्ह आलं. ही तपासणी कधीही टाळू नका, तो रोग म्हैस व्यायल्यावर वार काढणाऱ्या माणसालाही लागतो.

गव्हाणीत काय सापडलं

खायला काय घालतात हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि "सगळ्यांना देतो तेच" हे उत्तर ऐकून पुढे गेले होते. ही माझी चूक. दुसऱ्या खेपेला मी आंबोण कालवायच्या वेळी तिथे उभी राहिले. म्हशींना सरकी पेंड, चुनी, भरडा. रेड्याच्या घमेल्यात त्याच मापाची तीन किलो सरकी पेंड, आणि वर कोपऱ्यातल्या वेगळ्या पोत्यातून दीड किलो अख्खी सरकी, म्हणजे कपाशीचं बी. मी ओंजळीत घेतली, करडी, लव असलेली, हाताला किंचित तेलकट. कधीपासून देताय? दिवाळीपासून. का? "ताकद के लिए."

दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्यात सहा आठवडे मिळवा, वहीतली लाल पेनाची सुरुवात बरोबर तिथे येते.

सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं, कपाशीचं झाड ते किडींपासून बचावासाठी बनवतं. चीनमध्ये १९५० च्या दशकात काही गावांत कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या लोकांना मुलं होईनात तेव्हा हे लक्षात आलं, आणि १९७० च्या दशकात तिथे पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी हजारो माणसांवर त्याच्या चाचण्या झाल्या. रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि काहींची जननक्षमता परत येत नाही म्हणून ते मागे पडलं. नर जनावरात ते नेमकं शुक्राणूच्या मधल्या भागावर, त्या इंजिनावर घाव घालतं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराचं पोट बरंचसं गॉसिपॉल बांधून निकामी करतं, आणि मादीला त्याचा तसा त्रास जाणवत नाही, म्हणून म्हशी सरकीवर मजेत असतात, फॅटही चांगली लागते. पण रोजचं प्रमाण वाढलं की नराला ते बाधू शकतं. पेंडेत, गाळताना उष्णता लागलेली असल्यामुळे, मोकळं, म्हणजे बांधलं न गेलेलं, गॉसिपॉल कमी उरतं, अख्ख्या सरकीत जास्त.

म्हणजे बघा, एका हाताने वनस्पतीची पुडी ताकदीसाठी आणि दुसऱ्या हाताने वनस्पतीचंच बी, तेही ताकदीसाठीच, आणि दुसरं बहुधा पहिल्याच्या बरोबर विरुद्ध काम करत होतं. घालणारा माणूस दोन्ही वेळेला प्रेमानेच घालत होता. मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्याला कळल्यावर तो दोन दिवस माझ्याशी नजर मिळवत नव्हता.

उकाड्याचाही वाटा होता, तो नंतर भर घालणारा. थोरला रेडा पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याखाली बांधलेला, दुपारी तीनला त्या पत्र्याखाली मला पाच मिनिटं उभं राहवेना. वृषण शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड राहिले तरच काम करतात, आणि म्हशीच्या जातीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी, वर काळी कातडी. म्हशींवर दोन वेळा पाइपने पाणी मारत होते. रेड्यावर नाही, कारण तो दूध देत नाही.

काय केलं

रेड्याची सरकी आणि सरकी पेंड दोन्ही त्याच दिवशी बंद. त्याऐवजी भुईमुगाची पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर. भुईमुगाची पेंड थोडी थोडी आणायला सांगितली, कारण पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत तिला बुरशी धरते आणि ते विष वेगळंच. हिरवा चारा, आरेतलं पॅरा गवत, रोज. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची इंजेक्शनं, कारण गॉसिपॉलचा शुक्राणूंवरचा परिणाम ई जीवनसत्त्वाने कमी होतो हे वळूंमध्ये दिसलेलं आहे. जागा बदलून पूर्वेकडे, आंब्याच्या सावलीत, अकरा ते चार मध्ये तीन वेळा अंगावर पाणी. आणि पूर्ण विश्रांती, एकही म्हैस भरवायची नाही. तोपर्यंत ज्या माजावर दिसतील त्यांना दिवसा कृत्रिम रेतन, जमेल तेवढं.

धाकट्या रेड्यालाही सरकी मिळत होती, त्याचीही बंद केली.

अवघड निर्णय : पुडी बंद करायची का

इथे मी सगळ्यात जास्त घुटमळले. शास्त्राने बघितलं तर पुडी बंद करायला हवी होती, म्हणजे जे काही बदलेल ते खाण्यामुळे आणि उकाडा कमी झाल्यामुळे हे तरी म्हणता आलं असतं. पण पुतण्याने स्वतःच्या खिशातून पैसे घातले होते, घरात तो एकटाच तबेल्यात रस घेणारा तरुण, आणि मी येऊन पहिल्याच आठवड्यात त्याची बरणी फेकून द्या म्हटलं असतं तर सरकी बंद करायचं माझं म्हणणंही त्याने ऐकलं नसतं. वेळेला कुठली गोष्ट हातातून जाऊ द्यायची नाही हे ठरवावं लागतं. मला सरकी बंद व्हायला हवी होती. पुडी मी चालू राहू दिली, एवढीच अट घातली की डोस वाढवायचा नाही आणि जुलाब, खाणं कमी होणं असं काही दिसलं तर लगेच थांबवायची.

अण्णांनी ती महाग म्हणून फक्त थोरल्याला दिली. जूनच्या मध्यावर बरणी संपली, नवी आणली नाही.

निकाल

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे साधारण ५० दिवसांनी, दुसरा नमुना. हालचाल ५५ टक्के, दोष २४. अण्णा नाराज झाले, त्यांना वाटलं होतं आता सगळं नीट झालेलं असणार. मी थांबायला सांगितलं. जुलैच्या मध्यावर तिसरा नमुना, हालचाल ७० टक्के, दोष १४, आणि मधल्या भागाचे दोष तर शोधावे लागत होते. भिंगाखाली ते काळे ढग फिरताना मी पुतण्याला बोलावून दाखवले, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला मॅडम, हे तर उकळल्यासारखं दिसतंय.

त्यानंतर रेडा कामाला लावला, आठवड्याला तीनच म्हशी. ऑगस्टअखेरपर्यंत १५ भरवल्या, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हात घालून बघितलं तर ९ गाभण. म्हशीचा खरा मोसम यायच्या आधी हे आलंय, म्हणून मला ते चांगलं वाटतं, पण १५ म्हशींवरून छाती ठोकून मी काही सांगणार नाही.

धाकट्याचाही नमुना जुलैमध्ये घेतला, त्याला पुडीचा कणही मिळाला नव्हता. हालचाल ७० च्या वर, दोष कमी. म्हणजे पुडीशिवायही चांगला. पण सरकी चालू असताना त्याचा नमुना कसा होता ते माझ्याकडे नाही, म्हणून याचा अर्थ लावायचा तो जपूनच.

अण्णांच्या मते रेडा पुडीने सुधारला. पुतण्याच्या मते दोन्हीने. गडीमाणूस म्हणतो पाण्याने. अण्णांनी ओळखीच्या तीन तबेलेवाल्यांना त्या बरणीचा फोटो पाठवला, आणि त्यातल्या एकाचा जोगेश्वरीहून मला फोन आला की तीच पुडी किती द्यायची सांगा. मी त्यांना वही आणि रेड्याच्या आंबोणाचा फोटो मागितलाय, अजून आलेला नाही.

पुन्हा अशी केस आली तर

पहिल्याच दिवशी गव्हाणीपाशी उभी राहीन, तोंडी उत्तरावर पुढे जाणार नाही. माझे यात सहा दिवस गेले.

त्या पोत्यातली अर्धा किलो सरकी आणि पेंड बांधून ठेवीन आणि मोकळ्या गॉसिपॉलसाठी लॅबला पाठवीन. मी ते केलं नाही, आणि पोतं म्हशींना घालून संपवलं गेलं, त्यामुळे सरकीवरचा माझा संशय कितीही पक्का असला, वहीतली तारीख, मधल्या भागाचे दोष, बंद केल्यावरची सुधारणा सगळं जुळत असलं, तरी तो संशयच राहिला.

धाकट्याचा पहिला नमुना काहीही करून घेईन. तीन पहाटा थोरल्यावर गेल्या होत्या, मला कंटाळा आला होता, आणि मी म्हटलं याचं काय, हा कुठे कामावर आहे. घेतला असता तर एकाला पुडी, एकाला नाही, दोघांची सरकी बंद, अशी सरळ तुलना घरबसल्या मिळाली असती. दोनच जनावरांची, पण काहीतरी. ही संधी गेली याची मला अजून रुखरुख आहे.

सगळे बदल एका दिवशी करण्याबद्दल मात्र मला पश्चात्ताप नाही. एकेक बदल करून दोन-दोन महिने थांबणं प्रयोगशाळेत ठीक, इथे त्या दोन महिन्यांत आणखी पाच-सहा म्हशी भाकड होऊन गेल्या असत्या.

आणि ज्यांना पुडी द्यायचीच आहे त्यांना माझं सांगणं असं की आधी नमुना तपासा, एकाच वनस्पतीची, नाव आणि वजन लिहिलेली वस्तू घ्या, सुरू केल्याची तारीख लिहा, रेड्यात किमान दोन महिने आणि वळूत अडीच महिने झाल्याशिवाय पुन्हा तपासू नका, आणि त्या काळात खाण्यात, जागेत दुसरं काय बदललं तेही त्याच पानावर लिहा. नमुना पहिल्यापासूनच चांगला असेल तर पुडीवर पैसे घालू नका, म्हशींकडे बघा, बऱ्याचदा दोष तिकडे, गर्भाशयात किंवा माज ओळखण्यात असतो.

थोरल्याचा पुढचा नमुना एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायचा ठरलाय, ऐन उकाड्यात, सरकी नाही आणि पुडीही नाही अशा अवस्थेत. त्याच दिवशी धाकट्याचाही. तोवर धाकट्याला कृत्रिम योनीची सवय लावायचं काम पुतण्याने घेतलंय.